घाल आणि काढ

घरात वस्तू आणायला अक्कल लागत नाही, ती घराबाहेर घालवायला लागते. जुनी खाट, मोडका पंखा, नवऱ्याच्या मित्राने हौसेनं दिलेलं भुशाचं हरीण. आली तेव्हा ही सगळी दारातून अलगद आली, जायची वेळ आली की तेच दार अरुंद होतं. सूचीबाईंच्या ग्रंथालयात असंच एक हरीण शिरलं होतं. फरक एवढाच की ते दिसत नव्हतं. ते संगणकात होतं.

सूचीबाई म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीविभागातल्या बाई. एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहून लिहून त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. आणि तो संगणक म्हणजे हल्ली मांडीवर घेऊन बसतात तसला नव्हे. तो चांगला कपाटाएवढा होता. त्याच्यासाठी वर्तमानपत्रांची खोली रिकामी केलेली, त्याला पाच पडदे जोडलेले. इमारतीतलं एकमेव गार हवेचं यंत्र त्याच्या दिमतीला होतं. दारावर पाटी : ‘चपला काढून आत यावे.’ उन्हाळ्यात निम्मा कर्मचारीवर्ग काही ना काही निमित्तानं चपला काढून आत येई. संगणक युनिक्स नावाच्या पद्धतीवर चालतो एवढं सगळ्यांना पाठ होतं, त्यापुढचं कोणालाच नव्हतं. सूचीबाईंना मात्र होतं. सहाशे पानांचं माहितीपुस्तक त्यांनी दोनदा वाचलं होतं, दुसऱ्यांदा तर पेन्सिल घेऊन.

तर ते हरीण. कंपनीच्या इंजिनियरनं जाताजाता ‘स्वागत’ नावाचा एक प्रोग्राम भेट म्हणून घालून दिला होता. सकाळी अकराच्या ठोक्याला तो पाचही पडद्यांवर ‘गुड मॉर्निंग’ असं लिही. जिथं कोणी टाइप करत असेल, नेमकं तिथंच लिही. परिणामी सूचीत ‘मधमाश्यांचे संगोपन’ या पुस्तकाचे लेखक म्हणून गुड मॉर्निंग यांचं नाव लागलं. एका सभासदांना ते पुस्तक इतकं आवडलं की याच लेखकाचं आणखी काही आहे का, म्हणून ते चौकशीला आले.

“हे बंद करा,” सूचीबाई इंजिनियरला म्हणाल्या. हा गृहस्थ पाटी न वाचता बुटांसकट आत येई, म्हणून सगळे त्याला बूटवाले म्हणत.

“बंद होत नाही, बाई. काढावा लागेल.”

“मग काढा.”

“घालणं आमच्या करारात आहे, काढणं नाही. आणि काढणार कसा? एका प्रोग्रामची बेचाळीस पिल्लं असतात. एक इथं, दोन तिथं, चार भलतीकडेच. कुठली कुठं ठेवली ते आता माझ्याही लक्षात नाही.”

एकतीस वर्षांत सूचीबाईंनी एक पुस्तक कुठं ठेवलंय ते लक्षात नाही असं म्हटलं नव्हतं. त्यांना क्षणभर त्या माणसाची कीव आली.

त्या भांडारपालांकडे गेल्या. ग्रंथालयातली प्रत्येक वस्तू, खुर्चीपासून टाचणीपर्यंत, भांडारपालांच्या वहीत होती. ‘स्वागत’ही होता, पंख्याच्या खाली आणि पायपुसण्याच्या वर.

“काढता येईल,” भांडारपाल म्हणाले, “पण वस्तू वहीतून खोडायची तर ती निर्लेखन समितीपुढे समक्ष दाखवावी लागेल.”

“अहो, ती दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे हरवली. ती तुमच्या खोलीतून हरवली, म्हणजे जबाबदारी तुमची. तसा अर्ज करता का?”

सूचीबाईंनी तसा अर्ज केला नाही. त्यांनी स्वतःच ‘स्वागत’ काढायचं ठरवलं, आणि एका मंगळवारी एकेक पिल्लू शोधून पुसायला घेतलं. एकोणीसपर्यंत सगळं ठीक चाललं. विसावं पुसलं आणि छपाईयंत्राचा आवाज बंद पडला. विसावं पिल्लू ‘स्वागत’चंही होतं आणि छपाईचंही. ते दोघांत सामाईक आहे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. छपाई परत सुरू करायला बूटवाल्यांना तीन आठवडे लागले. विसावं परत आल्यावर ‘स्वागत’ मात्र उरलेल्या तेवीस पिल्लांवरही ठणठणीत होता. फक्त आता तो ‘गुड मॉर्न’ एवढंच म्हणे.

हे ग्रंथपालसाहेबांच्या कानावर गेलं. ग्रंथपालसाहेब म्हणजे ग्रंथालयाचे मुख्य, आवाज न चढवता माणसाला खाली उतरवण्यात पटाईत.

“बाई, संगणकाचं सगळंच काम कंपनीकडे द्यावं म्हणतो. तुम्हालाही आराम. तळघरात बांधणी विभागात जागा आहे. शांत असतं तिथं.”

शांत असणारच. तिथं खळीचा डबा आणि फाटकी पुस्तकं सोडून कोणी नव्हतं. सूचीबाईंच्या हातची चौऱ्याऐंशी हजार कार्डं त्यांनी स्वतः वर्षभर खपून त्या संगणकात चढवली होती. ती आता बूट घालून येणाऱ्या आणि वस्तू कुठं ठेवली ते न आठवणाऱ्या माणसाच्या हाती जाणार होती.

“महिनाभर द्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “कोणताही प्रोग्राम एका शब्दात घालता येईल आणि एका शब्दात काढता येईल, असं करून दाखवते.”

साहेबांनी महिना दिला. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी खात्याच्या संचालक मॅडम पाहणीला यायच्याच होत्या. दाखवायचं ते त्यांनाच दाखवा म्हणाले. म्हणजे पडायचं तर चारचौघांत.

त्या संध्याकाळी घरी चर्चा झाली. सूचीबाईंच्या घरी चर्चा म्हणजे त्यांनी बोलायचं नाही. नवरा शाळेत गणित शिकवी, त्याला सगळे गणितमास्तर म्हणत आणि घरातही तो त्याच नावाला ओ देई. खालच्या मजल्यावरचे वकील वर्तमानपत्र परत द्यायला म्हणून आले आणि बसले. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत विणत होत्या.

“मला कळत नाही,” गणितमास्तर म्हणाले, “बेचाळीस वस्तू आहेत, तर यादी करायची. यात संशोधन काय?”

“हेच तर,” सूचीबाई म्हणाल्या. “पुस्तक आलं की आपण त्याचं कार्ड करतो. कुठून आलं, कुठल्या कपाटात ठेवलं. प्रोग्रामचं कार्ड कोणी केलंच नाही. घालताना प्रत्येक पिल्लाची जागा लिहून ठेवली, तर काढताना त्याच कार्डावरून—”

“सामाईक भिंत!” वकील एकदम म्हणाले. सगळे दचकले. वकिलांचं शेजारच्या इमारतीशी एका भिंतीवरून अकरा वर्षं चाललं होतं, त्यामुळे कुठलाही विषय शेवटी त्या भिंतीला टेकत असे. “बाई, तुमचं ते विसावं पिल्लू म्हणजे सामाईक भिंत. माझं घर पाडलं तरी ती भिंत मला पाडता येत नाही. का? तर पलीकडे कोणीतरी राहतंय! आधी पलीकडे कोण राहतंय ते लिहा. शेवटचा भाडेकरू गेला, की मगच भिंत.”

अकरा वर्षांत त्या भिंतीचा कोणाला झाला असेल तर तो हा एवढाच उपयोग. सूचीबाईंनी ते लिहून घेतलं आणि वकिलांना दुसरा चहा मिळाला.

“आणि माणसांनी लिहिलेल्याला हात लावायचा नाही,” त्या पुढं म्हणाल्या. “कपाट काढलं म्हणून पुस्तकं जाळायची नाहीत.”

“सगळं खरं,” सासूबाई सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या, “पण शब्द सोपे ठेव हो. तुमच्या त्या पुस्तकातले इंग्रजी शब्द त्या काउंटरवरच्या माणसाच्या तोंडात बसायचे नाहीत. घाल आणि काढ. याहून सोपं जगात काय असतं?”

सगळ्यांना पटलं. घाल आणि काढ. संगणकाला देवनागरी येत नव्हती, पण रोमन अक्षरांतही ते शब्द चारचौघांसारखे दिसत.

“झालं ना बोलून?” सासूबाई मुलाकडे वळल्या. “आता तो निळा स्वेटर काढ बघू.”

गणितमास्तरांनी निमूटपणे अंगातला निळा स्वेटर काढून आईच्या हातात दिला.

“अरे, अंगातला नाही, पेटीतला! बाही मापायची आहे मला.”

सगळे हसले. सूचीबाईही हसल्या. खरं तर तिथंच त्यांनी थांबून विचार करायला हवा होता. पण हसताना माणूस विचार करत नाही.

पुढचे चार आठवडे त्या राबल्या. पद्धत त्यांची होती, त्यामुळे सुरुवात कागदावर झाली. सूचीविभागातला एक रिकामा लाकडी खण घेऊन त्यात प्रत्येक प्रोग्रामचं एक कार्ड केलं, स्वतःच्या ठाशीव अक्षरात. वर नाव, खाली पिल्लांच्या जागा, समोर लाल शाईत सामाईक भिंतीचे भाडेकरू. अठरा प्रोग्राम, अठरा कार्डं. मग तेच संगणकाला शिकवलं. सगळे प्रोग्राम एका फितीवर घेतले, ती फीत संगणकाच्या तोंडात कायमची ठेवली. ‘घाल’ म्हटलं की फितीवरून आत, ‘काढ’ म्हटलं की कार्डाप्रमाणे बाहेर. शेवटी ‘घाल’ आणि ‘काढ’ हेसुद्धा प्रोग्रामच, म्हणून त्यांचीही कार्डं केली. इतका काटेकोरपणा कशाला, असं गणितमास्तर म्हणालेच.

सोमवारी त्यांनी ‘काढ स्वागत’ असं टाइप केलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर होतं : ‘स्वागत काढले. मागे काही उरलेले नाही.’ हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि त्या त्यावर फार खूश होत्या. अकरा वाजले. पाचही पडदे गप्प. सूचीबाईंनी एकटीनंच पडद्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं.

मग त्यांनी सगळ्यांना एक चिठ्ठी वाटली : यापुढे कोणताही प्रोग्राम घालायचा तर ‘घाल’, काढायचा तर ‘काढ’. चिठ्ठी स्पष्ट होती. निदान लिहिणारीला स्पष्ट होती.

गुरुवारी संचालक मॅडम साडेदहाला यायच्या होत्या. सव्वादहाला देवघेवकाका आत आले. देवघेवीच्या काउंटरवर सत्तावीस वर्षं पुस्तकं देणारे आणि घेणारे, स्वभावानं गरीब, चिठ्ठी खिशात जपून ठेवणारे. मॅडमच्या हातात द्यायला नव्या पुस्तकांच्या यादीची एक प्रत त्यांना छापून हवी होती. सूचीबाई तेव्हा फाटकाशी स्वागताला उभ्या होत्या. काकांनी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि मनापासून आनंदले. इतकं सोपं! छपाई काढायची, तर ‘काढ छपाई’.

‘छपाई काढली. मागे काही उरलेले नाही.’

काका छपाईयंत्रापाशी जाऊन हात पुढे करून उभे राहिले. कागद येईना. परत येऊन त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं.

‘छपाई आधीच काढली आहे.’

“काढलीय म्हणतंय आणि देत नाही,” काका दारातल्या शिपायाला म्हणाले. “आमच्या थोरल्या भावासारखं आहे.” मग त्यांना वाटलं, आधी यादी काढायला हवी, छपाई नंतर. ‘काढ यादी.’ यादी काढली. मागे काही उरलं नाही. काका घाम पुसत बाहेर आले तेव्हा मॅडम आत शिरत होत्या.

मॅडम बारीक, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाटी वाचून चपला काढल्या. सूचीबाईंना तिथंच थोडं बरं वाटलं. पाठोपाठ बूटवाले आले, बुटांसकट. कंपनीनं त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. आजचा दिवस बिघडला तर संगणक त्यांचाच होता.

ग्रंथपालसाहेब स्वतः पडद्यासमोर बसले. त्यांना यंत्र येत नव्हतं, पण मॅडमसमोर दुसऱ्याला बसू देणं त्यांना त्याहून येत नव्हतं. सूचीबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कार्डांच्या खणापाशी उभ्या.

“आधी तुमची सूची बघू,” मॅडम म्हणाल्या. “चौऱ्याऐंशी हजार ना? काढा.”

“काढतो,” साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा काढला, आणि दोन बोटांनी सावकाश टाइप केलं.

सूचीबाईंना इतक्या लांबून पडदा दिसत नव्हता. साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. “सूची काढली. मागे काही उरलेले नाही.” मग जरा थांबून, “म्हणजे?”

सूचीबाईंच्या डोळ्यांपुढून निळा स्वेटर गेला. बाप रे. एकतीस वर्षं आपण वाचकाला पुस्तक काढून देतो, काका पुस्तक काढून ठेवतात, शिपाई रद्दीत पुस्तकं काढतो, आणि या तिन्ही काढण्यांत कोणाचा कधी गोंधळ झाला नाही, कारण ऐकणारं माणूस होतं!

“गेली का सूची?” बूटवाल्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती आणि चेहऱ्यावर नव्हती.

“काही गेलेलं नाही!” सूचीबाई ओरडल्या. “मजकूर शाबूत आहे, फक्त कपाट गेलंय. साहेब, काही करू नका, फक्त ‘घाल’ काढा, घाल!”

त्यांना म्हणायचं होतं, ‘घाल’ हा शब्द उपयोगात काढा. मराठीत ते बरोबरच होतं. साहेब आज्ञाधारकपणे वाकले आणि त्यांनी टाइप केलं : ‘काढ घाल.’

‘घाल काढला. मागे काही उरलेले नाही.’

छपाई गेली, यादी गेली, सूची गेली, आणि गेलेलं परत घालणारा ‘घाल’ही गेला. शिल्लक होता एकटा ‘काढ’, तो पुढच्या हुकमाची वाट पाहत लुकलुकत होता. आणि काढायला शिकवणारी बाई स्वतःच्याच तोंडानं स्वतःचं काढून बसली होती. तळघरातल्या खळीचा वास त्यांना इथपर्यंत आला.

“आम्हाला तीन आठवडे लागतील,” बूटवाले म्हणाले.

‘तीन आठवडे’ ऐकलं आणि सूचीबाईंचा हात आपोआप मागं गेला, खणाकडे. माणूस घाबरलं की ज्याची सवय आहे ते करतं. त्यांची बोटं कार्डांवरून चालली, क, ख, ग, घ, आणि थांबली. घाल. बावीस ओळी, ठाशीव अक्षर, प्रत्येक पिल्लाची जागा.

“साहेब, उठा,” त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांत साहेबांना त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. साहेब उठले.

सूचीबाई बसल्या. फितीवरून एकेक पिल्लू हातानं उचलून आपापल्या जागी ठेवायचं होतं, पण कार्ड बघायचं की कळफलक? कार्ड त्यांच्या हातातून कोणीतरी अलगद घेतलं.

“मी सांगते,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही टाइप करा. पहिली ओळ…”

मॅडम वाचत गेल्या, बाई टाइप करत गेल्या. सातव्या ओळीला मॅडम थांबल्या. “हे लाल शाईतलं काय?”

“सामाईक भिंत,” सूचीबाई म्हणाल्या. “पलीकडे ‘काढ’ राहतो. म्हणून ते पिल्लू गेलेलं नाही. पुढची ओळ घ्या.”

मॅडमनी पुढची ओळ घेतली. जणू हे सगळीकडे असंच असतं.

बावीस ओळी झाल्या. ‘घाल सूची.’ फीत घरघरली. पडद्यावर एकेक अक्षर उमटलं : ‘सूची घातली.’ मग मॅडमनी स्वतः एक पुस्तक शोधलं, मधमाश्यांवरचं. ते लगेच मिळालं. लेखक : गुड मॉर्निंग. माणसांनी लिहिलेल्या मजकुराला हात लावायचा नाही, हा नियम इतका तंतोतंत पाळला गेला होता.

छपाई घातली, यादी घातली. देवघेवकाकांना त्यांची प्रत मिळाली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी मॅडमना दिली. मॅडमनी घड्याळ बघितलं.

“अकरा मिनिटं,” त्या म्हणाल्या. “चार प्रोग्राम मुळासकट उपटले आणि अकरा मिनिटांत परत लावले. आमच्या मुख्य कार्यालयात एक प्रोग्राम घालायला महिना जातो आणि काढायला कोणी धजत नाही. बाई, तुम्ही ग्रंथालयाचं नाव काढलंत.”

सूचीबाईंचा चेहरा पांढरा पडला.

“नाही हो मॅडम!” त्या कळवळून म्हणाल्या. “नावाला मी हातसुद्धा लावलेला नाही!”

आधी मॅडम हसल्या, मग काका, मग, मॅडम हसतायत असं पाहून, ग्रंथपालसाहेब. बूटवाले कुठे गेले ते कोणी बघितलं नाही. पण जाताना दाराशी पाटी वाचत जरा थांबले होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी टेबलावर साहेबांच्या सहीचा आदेश होता. पहिलं पान ‘सूचीविभागातील बाईंचे नाव काढण्यात येत आहे’ इथं संपत होतं. सूचीबाई खाली बसल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी पान उलटलं. ‘बांधणी विभागाच्या बदली-यादीतून.’ त्यांनी ते तीनदा वाचलं, कुठल्या अर्थानं काढलंय याची खात्री होईपर्यंत.

संध्याकाळी घरी पुन्हा चर्चा. शब्द बदलायचा हे ठरलं, कोणता हे ठरेना. वकिलांनी ‘निष्कासित कर’ सुचवलं, ते त्यांच्याच नोटिशीतलं होतं. गणितमास्तर म्हणाले, अधिक आणि वजा. सासूबाई म्हणाल्या, “घाल आणि घालव.”

“आई, दोघांत एका अक्षराचा फरक!” सूचीबाई म्हणाल्या.

“एका अक्षराचाच असतो ग, सगळ्यात.”

शेवटी सूचीबाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. ‘हवं’ आणि ‘नको’ असे दोन शब्द ठेवले. पुढं बारा वर्षं त्या ग्रंथालयात कोणाचीही चूक झाली नाही, कारण हवं कशाला म्हणायचं आणि नको कशाला, हे माणसाला जन्मतः कळतं. निर्लेखन समितीचं पत्र आठ महिन्यांनी आलं. ‘स्वागत’ समक्ष दाखवावा, असं त्यात होतं. सूचीबाईंनी समितीला बोलावलं, रिकाम्या पडद्यापुढे बसवलं आणि सांगितलं, “अकरा वाजेपर्यंत थांबा. काहीच झालं नाही, की तोच.”

आणि निळा स्वेटर? तो झाला. सासूबाईंनी थंडीच्या पहिल्या दिवशी फर्मावलं, “स्वेटर काढ रे.”

गणितमास्तर खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी बायकोकडे बघून विचारलं, “अगं, हवं की नको?”